जायकवाडीच्या पाण्याचं भांडण आलं कुठून?

पाऊस कमी झाला की ऑक्टोबरात गोदावरी खोऱ्याच्या वरच्या भागातलं नगर-नाशिक विरुद्ध खालचा मराठवाडा अशी जुंपते. या वादाची मुळं शंभर वर्षं मागे जातात. दारणा धरण १९१६ चं, प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ चं. त्यांच्या कालव्यांवर नगर जिल्ह्यात ऊस वाढला, पुढे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. पैठणला गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली ती १८ ऑक्टोबर १९६५ रोजी, आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. म्हणजे मराठवाड्याचं धरण आलं ते वरच्या भागात उसाची घडी बसल्यानंतर. त्यानंतरही वर मुकणे, निळवंडे अशी धरणं होतच गेली.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने पहिल्यांदा दुखऱ्या जागी बोट ठेवलं: टंचाईत खोऱ्यातल्या सगळ्या धरणांचा साठा टक्केवारीत जवळपास सारखा हवा. हेच ते समन्यायी वाटप. पण २०१२-१३ च्या दुष्काळात जायकवाडी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी वापरता न येणाऱ्या तळाच्या पाण्यावर, गेलं, तेव्हा कुठे नियमांना गती आली. पाणी कसं वाटायचं हे सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३ चा, प्राधिकरणाचा आदेश २०१४ चा, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब २०१६ चं. १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असा दंडक ठरला. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला, २०२३ मध्ये ८.६०३ टीएमसीचा.

सोडलेलं सगळं पाणी पैठणला पोचत नाही. पाणी सोडण्याआधी नदीत पाणी अडवणाऱ्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडावी लागते. तरी कोरडं पात्र आधी स्वतःची तहान भागवतं. काठच्या विहिरी आणि बोअर भूजल खेचत असताना पात्र कोरडं पडणारच. माझ्या मते खरी उणीव इथेच आहे. सगळा हिशेब धरणातल्या साठ्याचा होतो, वाहत्या नदीचा होत नाही.

त्यात पावसाचं वेळापत्रक हललं आहे. २०२० मध्ये हवामान खात्याने मान्सूनच्या तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून परतीची तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. १५ ऑक्टोबरचा निकष त्याच्या अवघ्या आठवडाभरानंतर येतो, त्यामुळे तोही पुन्हा तपासायला हवा. आणि तपासताना काठावरचा भूजल उपसा मोजून पात्रासाठी किमान प्रवाह राखून ठेवला, तरच सोडलेल्या पाण्यातलं जास्त पाणी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोचेल.