कोवळ्या उन्हातला माथेरानचा बंगला

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानला पोहोचले आणि पुढच्या काही दशकांत मुंबईकर इंग्रज आणि पारशी कुटुंबांचे उन्हाळी बंगले या डोंगरावर उभे राहिले. त्यांचे फोटो सकाळच्याच उन्हात काढावेत, असं माझं ठाम मत आहे. मात्र नुसतं लवकर उठून भागत नाही.

क्षितिजावरच्या सूर्याचे किरण आपल्यापर्यंत येताना, सूर्य डोक्यावर असतो तेव्हापेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडतात. हवेचे रेणू निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतात, म्हणून भिंतीपर्यंत येतो तो मुख्यतः पिवळा-तांबडा. भिंत जांभ्याची असेल तर ती पेटल्यासारखी दिसते, कारण जांभ्यातली लोहाची ऑक्साइडं निळा शोषून तांबडा परतवतात. त्यातून ऊन भिंतीला घासून गेलं, तर दगडाचं छिद्रन् छिद्र उठून येतं. एकोणिसाव्या शतकात फोटो ज्यांवर उमटत त्या काचेच्या प्लेटा तांबड्या रंगाला जवळपास आंधळ्या होत्या. त्यांच्यावर असली भिंत काळपट उमटे.

हा प्रकाश आपल्याकडे फार लवकर सरतो. माथेरान १९ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो. मार्च किंवा सप्टेंबरच्या अखेरीस क्षितिजापासून ६ अंश चढायला त्याला साधारण २५ मिनिटं लागतात. लंडनमध्ये तेवढ्यालाच ४० मिनिटांच्या आसपास. त्यात माथेरानची दाट झाडी: अंगणात ऊन उतरेपर्यंत सोनं ओसरलेलं असतं. म्हणून पूर्वेकडे मोकळी जागा असलेला बंगलाच निवडावा.

दिशा तर आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. मेच्या मध्यात सूर्य पूर्वेपासून सुमारे २० अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, डिसेंबरअखेरीस २५ अंश दक्षिणेकडे. ईशान्येकडे तोंड असलेला व्हरांडा मे महिन्यात समोरून उजळतो. डिसेंबरात त्याच्यावर तिरपं ऊन जेमतेम पडतं.

कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोतले रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नये. तो हा तांबूसपणा चूक समजून पुसू पाहतो. 'डेलाइट', म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिन ठेवावा. मग व्हरांड्याच्या आतली सावली निळसर येईल. येऊ द्यावी: तिथे थेट ऊन नसतं, आकाशाचा निळा उजेड असतो. वाटेवरच्या लाल मातीवरून उसळलेला प्रकाश मात्र खालून छताच्या लाकडापर्यंत पोहोचतो, आणि दोन्ही रंग एकाच फोटोत मिळतात.