रात्रभर ठेवलेलं पाणी आणि नवी काचपेटी

'नळाचं पाणी एक रात्र उघडं ठेवा, सकाळी मासे सोडा.' कोल्हापुरात नवी काचपेटी घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय. उघड्या बादलीतल्या पाण्यातला क्लोरीन साधारण दिवसभरात उडून जातो. (पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, असेल तर ते मात्र असं उडून जात नाही, पाण्यात टाकायचं क्लोरीन काढणारं औषधच लागतं.)

पण मासे दगावतात ते बहुधा पुढच्या आठवड्यात, आणि तेही नितळ पाण्यात. कारण मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं बरंच सौम्य नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढतात. नव्या पेटीत ते नसल्यासारखेच. पुरेसे व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, थंडीत जास्तच.

पडताळायचं तर माशांविना फिल्टर चालू ठेवा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने पाणी तपासा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट. खाद्य चालू असूनही दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसलं की थोडं पाणी बदलून दोन-तीनच मासे सोडा. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर काम लवकर होतं. माझ्या मते पंपापेक्षा तोच आधी मागावा. स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका, पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.