मुलांची भेट, देखरेख आणि टाळेबंदी : पार्श्वभूमी

मारहाणीला कंटाळून बाई पोरांना घेऊन माहेरी येते. पुढे नवरा मुलांना भेटू द्या म्हणून अर्ज करतो आणि न्यायालय भेटीचा हुकूम देतं. कराड, पाटण, विटा, जत अशा ठिकाणच्या न्यायालयांत हे नेहमीचंच आहे. भेट कुणाच्या तरी नजरेसमोर व्हावी असं न्यायाधीशांना वाटलं, तर जागा बहुधा न्यायालयाचं आवार असते, नाहीतर पोलीस ठाणं. पण नजर ठेवणारा माणूस कोण, त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार आणि मूल घाबरून रडायला लागलं तर भेट थांबवायचा अधिकार कुणाला, याची उत्तरं आधीपासूनच नव्हती. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आवारही बंद झालं.

पालकत्वाचे जुने कायदे १८९० आणि १९५६ चे. दोन्हींचा भर मुलाच्या हितावर आहे, आणि पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं दुसरा सांगतो. घरातल्या हिंसेचा भेटीशी संबंध मात्र त्यांत जोडलेला नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यात परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तेव्हा मागण्या होत्या स्वतंत्र शिधापत्रिकेच्या, जमिनीच्या, डोक्यावरच्या छपराच्या. टाकून दिलेल्या बाईच्या पोरांना भेटायला बाप येईल तेव्हा काय करायचं, हा त्या काळचा मुख्य प्रश्न नव्हता. ताटात भाकरी पडणं हा होता.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा बाईला देऊ शकतात आणि गरज असल्यास प्रतिवादीच्या, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या, भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. त्याच कलमाचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं : भेटीने मुलाच्या हिताला बाधा येईल असं दंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्यांनी भेट नाकारलीच पाहिजे. या कायद्याखालच्या नियमांत देखरेखीचाही उल्लेख आहे, पण तो उलट्या बाजूने. मुलं सासरी अडकली असतील, तर संरक्षण अधिकाऱ्याने (या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेला अधिकारी) आपल्या देखरेखीखाली बाईला त्यांची भेट मिळवून द्यावी, असं नियम १० म्हणतो. हिंसा करणाऱ्या बापाच्या भेटीवर कुणी लक्ष ठेवायचं, याबद्दल तो काही सांगत नाही. अमेरिकेत २००० सालच्या कायद्याने अशा भेटींच्या केंद्रांसाठी सरकारी अनुदान सुरू झालं. अशा केंद्रांत आई-बाप वेगवेगळ्या वेळी येतात, त्यांची गाठ पडू दिली जात नाही आणि खोलीत तिसरं माणूस पूर्ण वेळ बसतं. आपल्याकडे तसं काही उभं राहिलं नाही.

जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की प्रत्यक्ष भेटीच्या हक्काबरोबरच संपर्काचा हक्कही महत्त्वाचा आहे. मूल ज्याच्याकडे नाही त्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं आणि त्यासाठी व्हिडिओ कॉल सगळ्यात चांगला. दोनच महिन्यांनी टाळेबंदी लागली. मार्चअखेर इस्लामपुरात एका कुटुंबापासून सुरू झालेली रुग्णांची साखळी वीसच्या पुढे गेली आणि सांगली जिल्ह्यावर सगळ्या राज्याचं लक्ष लागलं. एसटी थांबली, जिल्ह्याबाहेर जाणारी नेहमीची एसटी २० ऑगस्टपर्यंत सुटली नाही. मुंबईत माथाडीचं काम करणारा बाप आणि पाटण तालुक्यात आजोळी असलेलं मूल, यांच्यामध्ये ई-पास आणि शाळेतलं विलगीकरण येऊन उभं राहिलं.

३० एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने भेटींबद्दलच्या एका याचिकेवर सांगितलं की प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवून फोनवर, व्हिडिओवर संपर्क ठेवावा. जमलं नाही तर कुटुंब न्यायालयात जावं. वरवर पाहता यात वावगं काही नाही, आणि मूल खरोखरच आसुसलेलं असेल तर ते गरजेचंही आहे. पण हिंसेच्या प्रकरणात हे ‘आपसांत ठरवून’ फार जड जातं. २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश नवऱ्याला बाईशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधायला मनाई करू शकतो. त्यात फोन आणि इलेक्ट्रॉनिक संपर्काचा उल्लेख शब्दशः आहे. मग कॉलची वेळ ठरवायची कुणी कुणाशी बोलून? पाच वर्षांच्या पोराचा स्वतःचा मोबाईल नसतो. फोन आईचा, नंबर आईचा. म्हणजे ज्या माणसाला नंबर कळू नये म्हणून तिने सिमकार्ड बदललं, त्यालाच तो कायदेशीरपणे द्यायचा. कॅमेऱ्यात घर दिसतं, दाराबाहेरचा रस्ता दिसतो. मुलाला विचारता येतं, आई कुठे जाते, घरी कोण येतं. मूल उत्तर देतं, कारण विचारणारा त्याचा बाप असतो.

वडिलांच्या बाजूने तक्रार होती की साथीचं निमित्त करून भेटी तोडल्या गेल्या. काही घरांत ते घडलंही असेल. पण त्याच काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे आलेल्या तक्रारींत घरातल्या हिंसेच्या तक्रारी वाढल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

खानापूर-आटपाडी भागात यातलं सगळंच नवं नव्हतं. सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, इथले पुरुष दक्षिणेत आणि उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या गेलेले. बापाचा आवाज फोनवरच ऐकत मोठी झालेली मुलं इथे घरोघर आहेत. त्या अनुभवातून एक गोष्ट शिकण्यासारखी होती : असे फोन बहुधा आजीच्या, काकाच्या, मधल्या कुणाच्या तरी हातून होत. हिंसेच्या प्रकरणात तो मधला माणूस नात्याबाहेरचा हवा. समुपदेशन केंद्राच्या फोनवरून कॉल, ठरलेली वेळ, मागे कोरी भिंत, ऐकायला बसलेली कार्यकर्ती आणि गरज पडली तर कॉल तोडण्याचा तिचा अधिकार. एवढी मदत मिळाली तर व्हिडिओ भेट बऱ्याच अंशी सुरक्षित होते. पण त्या वेळी अंगणवाडी सेविका घरोघरच्या सर्वेक्षणात होत्या आणि कार्यकर्त्यांना घराबाहेर पडायला पास लागत होता.

२ सप्टेंबर २०२० पासून ई-पासची अट गेली आणि प्रत्यक्ष भेटींतला प्रवासाचा अडथळा कमी झाला. पुढच्या वर्षी दुसरी लाट आली, जुलैत कृष्णेचा पूर आला. व्हिडिओ कॉल मात्र राहिले. साथीतली सोय म्हणून आलेली गोष्ट आता भेटीच्या हुकुमांत सवयीने लिहिली जाते, कलम १८ चा आदेश असलेल्या प्रकरणांतही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांत नेमायला सांगितलं. अधिकारी हवेतच. पण बापाच्या भेटीची देखरेख त्यांच्याच गळ्यात घालणं मला योग्य वाटत नाही. तक्रार लिहून घेणारा, बाईला न्यायालयात सोबत करणारा माणूसच भेटीच्या खोलीत बसला, तर एका बाजूला तो पक्षपाती वाटेल आणि दुसऱ्या बाजूला बाईचा आधार हलेल. तालुक्याच्या ठिकाणी या कामासाठी वेगळं माणूस, वेगळी खोली आणि एक वेगळा फोन हवा, आणि त्याचा खर्च जिल्ह्याच्या आराखड्यात दरवर्षी धरलेला हवा.