डच नौदल वेगळं आणि ‘गव्हर्मेंट मरीन’ वेगळं

दुसऱ्या महायुद्धात जपानशी झालेल्या जावा समुद्राच्या लढाईवर मराठीत कुणी काही लिहिलं की मी हातातलं काम सोडून वाचतो, आणि दर वेळी मधेच कुठेतरी ते वाक्य येतंच, ‘डच वसाहतीचं नौदल’. अहो, असं एकच एक नौदल नव्हतं! डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आत्ताच्या इंडोनेशियात, डच झेंडा लावून सरकारी जहाजांचे दोन वेगळे ताफे फिरत होते आणि ते एकत्र कालवले की ‘दे झेवेन प्रोव्हिन्सियेन’ जहाजावरचं १९३३ चं बंडही कळत नाही आणि १९४२ ची ही लढाई पण नाही.

पहिला ताफा म्हणजे डच रॉयल नेव्ही, हे तुम्हाला माहितीच आहे. अ‍ॅडमिरल कारेल डोरमान, ‘दे रॉयटर’ आणि ‘जावा’ या क्रूझर, ‘कोर्टेनार’ विनाशिका, सगळं २७ फेब्रुवारी १९४२ ला याच लढाईत एका दिवसात बुडालं (डोरमानसुद्धा गेला). झाडाच्या फांद्या अंगावर बांधून बेट असल्यासारखं दिसत जावातल्या सुरबायाहून ऑस्ट्रेलियाला पोचलेलं ‘आब्राहाम क्राइनसेन’ हे सुरुंग काढणारं जहाजही याच नौदलाचं. यावर जास्त बोलत नाही.

दुसरा ताफा गूव्हर्नमेंट्समरीने, आपण गव्हर्मेंट मरीन म्हणू. ही बतावियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, वसाहत सरकारची सागरी सेवा, आणि कामं कसली तर दीपस्तंभांना सामान पोचवायचं, बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) सांभाळायचे, समुद्राची खोली मोजायची, कलेक्टरसारख्या अधिकाऱ्यांना बेटाबेटांवर न्यायचं, चाचे आणि चोरटा माल पकडायचा. एवढी हजारो बेटं आहेत, राज्यकारभार बोटीनेच चालणार ना. आपल्याकडची जवळची तुलना हवी तर मुंबईच्या गोदीतून चालणारं रॉयल इंडियन मरीन घ्या, तेही सर्व्हे, दीपस्तंभ, सैन्याची ने-आण असलीच कामं करायचं. फरक हा की आपलं मरीन १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झालं, यांचं कधीच नौदल झालं नाही.

आता जिथे सगळे अडकतात ते सांगतो, बाकी काही विसरलात तरी चालेल. इंडीजमधल्या डच नौदलाचा जो मुख्य अ‍ॅडमिरल, १९४२ मध्ये हेल्फ्रिख, तो एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसायचा. एक खुर्ची नौदलाच्या कमांडरची, दुसरी बताविया सरकारच्या मरीन खात्याच्या प्रमुखाची, आणि गव्हर्मेंट मरीन या दुसऱ्या खुर्चीखाली यायचं. कागदावर वर सही एकाच माणसाची दिसते आणि लोक समजतात की खाली फौजही एकच. मग ओळखायचं कसं? खलाशांवरून म्हणाल तर ते जमत नाही, कारण इंडोनेशियन खलाशी दोन्हीकडे होते, सुरबायाच्या केंबांग कुनिंग दफनभूमीत डोरमानचं स्मारक आहे तिथे डच नावांच्या बरोबरीने इंडोनेशियन नावं कोरलेली आहेत. पैशांवरून पण नाही, नौदलाच्या इंडीजमधल्या खर्चाचा वाटा बतावियाच्या तिजोरीतूनही जायचा. तोफांवरून तर अजिबात नाही, चाच्यांच्या मागे जायचं तर गव्हर्मेंट मरीनलाही थोडंफार शस्त्र लागायचंच. खरी खूण एकच, माणूस कुठल्या कायद्याखाली आहे ती. नौदलाचा खलाशी लष्करी कायद्यातला सैनिक, गव्हर्मेंट मरीनचा खलाशी सरकारी नोकर. पहिल्याने हुकूम मोडला तर लष्करी न्यायालय, दुसऱ्याचा प्रश्न नोकरीचा.

हे नीट बघायचं तर नौदलाच्या ‘दे झेवेन प्रोव्हिन्सियेन’ या युद्धनौकेवरचं बंड बघा. वेतनकपातीवरून खलाशी चिडलेले, ४ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री जहाज सुमात्राच्या उत्तर टोकाला आचेमध्ये नांगरलेलं, कॅप्टन आयकनबोम आणि बरेच अधिकारी किनाऱ्यावर, आणि खलाशांनी, इंडोनेशियन तर होतेच पण काही डचसुद्धा, जहाज ताब्यात घेऊन सुरबायाकडे हाकारलं. कॅप्टन पाठलागाला निघाला तो कशावर? गव्हर्मेंट मरीनच्या ‘आल्डेबरान’वर! म्हणजे समोर २८ सेंटिमीटरच्या दोन तोफा असलेलं नौदलाचं जहाज आणि मागे दीपस्तंभांची कामं करणाऱ्या खात्याची बोट, अंतर राखूनच चालणार. नंतर तिची जागा ‘एरिडानस’ने घेतली, तीही त्याच खात्याची. १० तारखेला सुंदा सामुद्रधुनीजवळ नौदलाच्या डॉर्नियर विमानाने बॉम्ब टाकला, २३ जण मेले, बंड संपलं. आता याला कुणी ‘वसाहतीच्या नौदलातलं बंड’ म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या खलाशांनी आव्हान दिलं होतं ते खुद्द नेदरलँड्सच्या राणीच्या नौदलाला, आणि तेच त्यात मोठं आहे. मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ ला नौदलाच्या ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या तळावर सुरू झालेल्या उठावाशी याची तुलना जरूर करा, मीही करतो, पण तिथे बंड रॉयल इंडियन नेव्हीत म्हणजे हिंदुस्थानच्या स्वतःच्या नौदलात झालं होतं, ब्रिटनच्या रॉयल नेव्हीत नाही, हा फरक सोडू नका.

१९३९ ला युरोपात युद्ध पेटल्यावर गव्हर्मेंट मरीनची काही जहाजं माणसांसकट नौदलाच्या ताब्यात दिली आणि माणसांना लष्करी दर्जा मिळाला. म्हणून १९४२ च्या याद्यांमध्ये दोन्ही ताफे शेजारी शेजारी दिसतात आणि गोंधळ अजून वाढतो. त्या आधीच्या काळासाठी नावावरून बराच अंदाज येतो. नौदलाकडे दर्यासारंगांची आणि बेटांची नावं, ट्रॉम्प, एव्हर्टसेन, फ्लोरेस, सुंबा. गव्हर्मेंट मरीनकडे तारे आणि पक्षी, आल्डेबरान म्हणजे आपली रोहिणी, कॅनोपस म्हणजे अगस्ती, पोलस्टर म्हणजे ध्रुव. मला ही नावं फार आवडतात, दिवा-बोया सांभाळणाऱ्या बोटींना ताऱ्यांचीच नावं शोभतात.

विमानांचा घोळ एका ओळीत: डॉर्नियर आणि कॅटालिना या समुद्रविमानांचा ताफा नौदलाचा, ग्लेन मार्टिन आणि ब्रूस्टर वसाहतीच्या लष्कराची. आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये आपल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या ‘बेंगॉल’सोबत दोन जपानी जहाजांशी झुंजलेला ‘ओंदिना’ हा यातला कुठलाच नाही, तो शेल कंपनीचा व्यापारी टँकर, कृपा करून त्याला युद्धनौका लिहू नका.

हा घोळ जुना म्हणून सोडून द्यावा तर तोच कॅरिबियनमध्ये परत होतोय. कुरासाव बेटावरच्या पारेरा तळावर डच नौदलाचं एक मोठं जहाज आळीपाळीने तैनात असतं, त्याला स्टेशन-शिप म्हणतात. त्याच समुद्रात ‘यागुआर’, ‘पांतेर’, ‘पुमा’ या छोट्या गस्ती नौका फिरतात त्या कॅरिबियन कोस्ट गार्डच्या, आणि तो नेदरलँड्स, अरुबा, कुरासाव आणि सिंट मार्टेन या चौघांचा सामायिक. १९९६ पासून कोस्ट गार्ड वेगळा आहे, पण बरीच वर्षं त्याचा संचालक कोण होता, तर कॅरिबियनमधला डच नौदलाचाच कमांडर. परत एक माणूस, दोन खुर्च्या. त्यामुळे ड्रग्ज पकडल्याची बातमी आली की आधी बघा बोट कुणाची होती, स्टेशन-शिपची की कोस्ट गार्डची, आणि मगच ‘डच नौदलाने पकडलं’ असं लिहा.