घरी काडतुसे भरण्यासाठी प्रेस निवडताना

वापरलेल्या पितळी पुंगळीतून जुना प्रायमर (पावडर पेटवणारी बुडाची छोटी टोपी) काढणे, फुगलेली पुंगळी पुन्हा मापात आणणे, नवा प्रायमर बसवणे, पावडर भरणे आणि शेवटी गोळी ठराविक खोलीवर बसवणे, या क्रमाने काडतूस तयार होते. ही कामे प्रेसवर, म्हणजे हँडल ओढून पुंगळीवर दाब देणाऱ्या यंत्रावर, किती खेपांत होतात, यावरून त्याचे तीन प्रकार पडतात. सिंगल स्टेज प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय (एकेका कामाचा पोलादी साचा) बसते. टरेट प्रेसच्या फिरत्या माथ्यावर सर्व डाय एकदाच लावून ठेवता येतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये पुंगळ्यांची तबकडीच फिरते, प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या पुंगळीचे काम एकाच वेळी होते आणि सर्व टप्पे भरल्यानंतर हँडलच्या दर ओढीला एक काडतूस तयार होते.

हा वेग पाहून अनेक ग्राहक पहिल्याच खरेदीत प्रोग्रेसिव्ह प्रेस मागतात. आम्ही सहसा त्यांना थांबवतो. पिस्तुलाच्या पुष्कळ काडतुसांत झपाट्याने जळणारी पावडर इतकी थोडी लागते की चुकून दुप्पट पडली तरी ती पुंगळीबाहेर सांडत नाही आणि चूक सहज ध्यानात येत नाही. अशा काडतुसाने शस्त्र फुटू शकते. सिंगल स्टेजवर काम करणारा पावडर भरलेल्या 50 पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करून, गोळ्या बसवण्यापूर्वी, दिव्याखाली प्रत्येकीत डोकावू शकतो. प्रोग्रेसिव्हवर तपासणीची ही निवांत संधी मिळत नाही, आणि गोंधळ बहुधा तेव्हाच होतो जेव्हा एका टप्प्यावर काहीतरी अडकते, ते सोडवताना हँडल अर्धवट मागेपुढे होते आणि तबकडीवरच्या बाकी पुंगळ्यांचे भान सुटते. दर महिन्याला पिस्तुलाची शेकडो काडतुसे लागणाऱ्या नेमबाजाला मात्र हा प्रेस खरोखर उपयोगी आहे. त्याने निदान पाच टप्प्यांचा प्रेस घ्यावा, म्हणजे पावडरची पातळी तपासणाऱ्या डायसाठी एक जागा मोकळी राहते.

रायफलची काडतुसे मोजकी, पण काटेकोर भरायची असतील, तर प्रकारापेक्षा चौकटीकडे अधिक लक्ष द्यावे. चारही बाजूंनी बंद असलेली ‘ओ’ चौकट दाबाखाली फारशी वाकत नाही, त्यामुळे मोठ्या पुंगळ्या संपूर्ण लांबीभर मापात आणण्यासाठी तीच योग्य ठरते. पुढून उघडी असलेली ‘सी’ चौकट हाताला सोयीची असते आणि पिस्तुलाच्या पुंगळ्यांना पुरते. टरेटचा माथा जोराच्या दाबाखाली किंचित उचलला जाऊ शकतो, परंतु साधारण नेमबाजीत हा फरक जाणवेलच असे नाही. लांब काडतुसांसाठी प्रेसचे तोंड पुरेसे उंच आहे ना, हेही पाहावे.

डायच्या बाबतीत चिंता कमी आहे. बहुतेक डाय 7/8 इंच व्यासाच्या आणि इंचाला 14 आटे असलेल्या असतात, त्यामुळे पुढे प्रेस बदलला तरी त्या सहसा वाया जात नाहीत. .50 बीएमजीसारख्या अवाढव्य काडतुसांना मात्र मोठ्या आट्यांच्या डाय आणि तसाच प्रेस लागतो.

जळलेल्या प्रायमरच्या राखेत शिसे असते. म्हणून जुने प्रायमर रॅमच्या (पुंगळीला वर नेणाऱ्या दांड्याच्या) आतून नळीवाटे थेट डब्यात सोडणारा प्रेस आम्हाला अधिक पसंत आहे, जरी काम झाल्यावर हात धुणे त्यानेही टळत नाही. प्रेस जाड फळीच्या, न हलणाऱ्या टेबलाला बोल्टने आवळावा. डगमगत्या टेबलावर चांगला प्रेसही नीट चालत नाही.

पावडरचे प्रमाण केवळ पावडर उत्पादकाच्या प्रसिद्ध तक्त्यांवरूनच घ्यावे. घरी काडतुसे भरण्यास आपल्या देशाच्या कायद्याने परवानगी आहे का आणि त्यासाठी कोणता परवाना लागतो, याची खात्री खरेदीपूर्वी करून घ्यावी. चौकशीच्या वेळी काडतुसाचे नेमके नाव, महिन्याला लागणारी अंदाजे संख्या आणि टेबलाच्या फळीची जाडी सांगितल्यास आम्हाला योग्य प्रेस सुचवता येईल.