माइक टेबलावर ठेवू नका

"कानाची तपासणी नॉर्मल आली, मग चारचौघांत बोललेलं का कळत नाही?" स्वमग्न मुलांचे पालक हे विचारतात, स्वमग्न मोठी माणसंही विचारतात. ऑडिओग्राम, म्हणजे या तपासणीचा आलेख, शांत खोलीत निघतो, एका वेळी एकच सूर वाजवून. कान किती बारीक आवाज टिपतो एवढंच त्यातून कळतं. गोंगाटातून शब्द वेगळे काढणं हे पुढचं काम, आणि ते मेंदूचं. आजूबाजूचा गलका मध्येच क्षणभर उतरतो. त्या फटीत सापडलेल्या तुकड्यांवर बहुतेकांचं भागतं. अनेक स्वमग्न व्यक्तींना या फटींचा तेवढा फायदा मिळत नाही. याला दुर्लक्ष किंवा हट्ट म्हणू नका.

इअरप्लगनं गोंगाटाबरोबर बोलणंही दबतं. थकवा टाळायला ते चांगले, समजायला नाहीत. म्हणून आम्ही रिमोट माइक सुचवतो: माइक बोलणाऱ्याकडे, रिसीव्हर ऐकणाऱ्याच्या कानात.

आता मुख्य मुद्दा. "यंत्र बिघडलं" म्हणून येणाऱ्या बहुतेक संचांत बिघाड नसतोच. माइक टेबलाच्या मधोमध ठेवलेला असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. तोंडापासून २० सेंटीमीटरवरचा माइक १६० सेंटीमीटरवर गेला, म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले. गोंगाट मात्र आहे तेवढाच. त्यात काही माइक आडवे ठेवले की आपोआप चहूबाजूंचं ऐकू लागतात, आणि पेन आपटल्याचा ठोका टेबलातून थेट कानात जातो.

माइक छातीवर, हनुवटीखाली १५ ते २० सेंटीमीटरवर, टोक तोंडाकडे करून लावा. साखळी किंवा कॉलर घासू देऊ नका; ती खरखर ऐकणाऱ्याला असह्य होते. बोलणारा बदलला की माइकही त्याच्याकडे द्या. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

"फोनवरूनच रिसीव्हरचा आवाज वाढवून द्या" हा आग्रह आम्ही मानत नाही. ऐकणं नॉर्मल असलेल्या कानाला मोठा आवाज नको असतो, फक्त बोलणं गोंगाटाच्या वर यायला हवं. सेटिंग आम्ही ती व्यक्ती समोर बसवून, गोंगाट लावूनच करतो. त्याला वेळ लागतो, पण रिसीव्हर खणात पडून राहण्यापेक्षा तो परवडतो. विकत घेण्याआधी संच वर्गात किंवा कामाच्या जागी वापरून बघायला मागा, आम्ही देतो.

दुरुस्तीला आणण्यापूर्वी म्यूटचा दिवा तेवढा बघा.