रोड बाइकवरची वाकलेली पाठ आली कुठून?

काळ्या सायकलवर शाळा-कॉलेज काढलेला माणूस चाळिशीत हौसेनं रोड बाइक घेतो. पहिल्या रविवारी तीस-चाळीस किलोमीटर मारून येतो आणि संध्याकाळपर्यंत मान, खांदे, करंगळी आणि जिथलं दुखणं चारचौघांत सांगता येत नाही ती जागा, सगळं एकदम बोलायला लागतं. ‘सवय होईल,’ असं ग्रुपमधली जुनी खोडं सांगतात. काहींना होतेही. पण सायकलवर असं ओणवं बसायचं हे ठरवलं कुणी, हे सहसा कुणी विचारत नाही.

१८७०च्या दशकातल्या उंच चाकाच्या सायकलवर स्वार पेडलच्या जवळजवळ थेट वर बसे, पाठ ताठ. पुढे वाकायची सोयच नव्हती, वाकला तर तोंडावर आपटणार. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्लीनं ‘रोव्हर’ बाजारात आणली. जवळजवळ सारखी दोन चाकं, मागच्या चाकाला चेन. स्वार दोन चाकांच्या मध्ये आला आणि पुढे झुकणं शक्य झालं. १८८८मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं, वेग वाढला, आणि शर्यतवाल्यांची हँडलं खाली वळू लागली.

कारण सरळ आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, तो कापायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद. सपाटीवर ताशी तीस किलोमीटरच्या वेगात बहुतेक दम हवेतच जातो, आणि हवेला अडणाऱ्या पसाऱ्यात सायकलचा वाटा लहान, माणसाचा मोठा. त्यामुळे जिंकायचं असेल तर माणसालाच घडी घालावी लागते. जिंकायचं नसेल तर? याच इंग्लिश घराण्यातून आपली काळी सायकल आली. ताठ पाठ, मागे वळलेलं हँडल, स्प्रिंगची सीट आणि चाळीस मिलिमीटरच्या आसपास रुंदीचं टायर. हा टायरचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आराम विरुद्ध शर्यत हे भांडण जुनं आहे आणि त्याची सगळ्यात रंगतदार फेरी फ्रान्समध्ये झाली. एका बाजूला सेंत-एतिएनचा पॉल द विवी, टोपणनाव व्हेलोसिओ. स्वतःचं मासिक चालवणारा, लांबवर भटकणारा, गिअर आणि रुंद टायर यांचा कट्टर पुरस्कर्ता. दुसऱ्या बाजूला आंरी देग्रांज, ज्यानं १९०३मध्ये टूर द फ्रान्स सुरू केली. १९०२मध्ये डोंगराळ रस्त्यावर एक चाचणी झाली. त्यात तीन गिअरच्या सायकलवर बसलेल्या मार्थ एस या बाईंनी एकाच गिअरवर निघालेल्या नावाजलेल्या पुरुष स्पर्धकाला मागे टाकलं. देग्रांजचं मत तरीही हललं नाही. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी, खरा गडी पायाच्या जोरावर जिंकतो, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं आजही सांगितलं जातं. टूरमध्ये डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या गिअरला, परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोवर घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, मागचं चाक काढून उलटं लावायचं आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर चेन चढवून पुढे जायचं.

मधल्या काळात एक वेगळंच वळण येता येता राहिलं. शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच कारागिरानं पाठीला आधार देऊन, पाय पुढे सोडून चालवायची सायकल बनवली. आरामखुर्चीला पेडल लावल्यासारखी. १९३३च्या जुलैमध्ये फ्रान्सिस फोर हा पहिल्या फळीत नसलेला स्वार तिच्यावर बसला आणि तासाभरात ४५.०५५ किलोमीटर गेला. ऑस्कर एगचा १९१४पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. मान दुखत नाही, मनगटावर भार नाही, आणि वर वेगही जास्त. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, १९३४मध्ये ‘सायकल म्हणजे काय’ याची व्याख्याच अशी केली की मोशेची सायकल बाहेर पडली. आजची रोड बाइक अशी दिसते त्यामागे शरीरशास्त्र किती आणि हा ठराव किती, असं कुणी विचारलं तर मी ठरावाला झुकतं माप देईन. कारखाने शर्यतीत चालतं ते बनवतात आणि आपण शर्यतीत दिसतं ते विकत घेतो.

बैठकीचं माप काढण्याचं शास्त्र त्यानंतर बरंच रेंगाळलं. दुकानदार डोळ्यांनी अंदाज घेई, किंवा क्रँक आडवा असताना गुडघा पेडलच्या आसावर ओळंब्यात येतो का ते बघे. १९८०च्या दशकात अमेरिकी शर्यतवाला ग्रेग लेमाँड याच्या नावानं एक सूत्र रूढ झालं. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची गुणिले ०.८८३, ती क्रँकच्या आसापासून सीटची उंची. सुरुवातीला ठीक. पण एडी मर्क्सकडे पाहिलं की सूत्राची मर्यादा कळते. १९६९मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवरच्या अपघातात त्याचं कंबरडं दुखावलं, आणि त्यानंतर हा जगातला सर्वोत्तम स्वार चालू शर्यतीतही सीट वरखाली करत असे. मोडलेल्या माणसाला माप रोज नवं लागतं. पन्नाशीतल्या, दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यालाही लागतं.

मग आली हवेच्या बोगद्यातली, म्हणजे विंड टनेलमध्ये बैठक तपासण्याची वर्षं. १९८९च्या टूरचा शेवटचा टप्पा, व्हर्सायहून पॅरिसला २४.५ किलोमीटर. आघाडीवर फ्रान्सचा लोराँ फिन्यों, लेमाँड त्याच्या पन्नास सेकंद मागे. त्यानं ट्रायथलॉनवाल्यांकडून उचललेलं, कोपरं टेकवायचं लांब हँडल लावलं होतं. फिन्यों साध्या हँडलवर, उघड्या डोक्यानं, मागे केसांची शेपटी उडवत. अख्खी टूर लेमाँडनं आठ सेकंदांनी जिंकली. चार वर्षांनी स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं घरी बनवलेल्या, कपडे धुण्याच्या मशीनचं बेअरिंग लावलेल्या सायकलवर, हात छातीखाली दुमडून ५१.५९६ किलोमीटरचा तासाचा विक्रम केला. यूसीआयनं ती बैठक बंद केली. त्यानं हात पुढे ताणून ‘सुपरमॅन’ बैठक काढली, तीही पुढे बंद झाली. २०२१मध्ये उतारावर वरच्या दांडीवर बसून जाण्यावरही बंदी आली. म्हणजे वाकायचं, पण आम्ही सांगू तितकंच.

ब्रेकच्या मुठीवरचं गिअरचं बटण, बूट अडकवायचं लुक कंपनीचं १९८४चं पेडल, कार्बनची फ्रेम, २००९पासूनचे शिमानोचे विजेवरचे गिअर, हे सगळं छान आहे. पण त्यातलं दुखणाऱ्या शरीराच्या उपयोगाचं फारसं काही नाही. अपवाद गिअरच्या दात्यांचा. पूर्वी रेसिंग सायकलला पुढे लहान चक्र ४२ दात्यांचं आणि मागे मोठं २३-२५चं असे, आता ३४ आणि ३४ सहज मिळतं. सिंहगड चढताना गुडघ्यांना हा फरक कळतो. व्हेलोसिओ हेच तर सांगत होता.

खरी उलथापालथ टायरनं केली. १९८०-९०च्या दशकांत टायर वीस-तेवीस मिलिमीटरवर आलं होतं आणि हवा दगडासारखी भरायची पद्धत होती. टणक टायर कमी दबतं, म्हणून वेगवान, हा त्यामागचा तर्क. गुळगुळीत पोलादी ड्रमवर चाचणी घेतली की तो खराही ठरे. फक्त ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक धक्का वर पाठवतं, तो स्वाराच्या मांसात जिरतो आणि त्यात पुढे जायचीच ताकद खर्ची पडते. २००६-०७च्या सुमारास यान हाइन यांनी आपल्या सायकल-त्रैमासिकातून प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचण्या मांडल्या, तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेलं. आज व्यावसायिक स्पर्धकही २८ ते ३२ मिलिमीटरवर सर्रास धावतात, आणि हवाही जुन्या मानानं बरीच कमी असते. मोशेची सायकल सोडली तर आराम आणि वेग एकाच वस्तूतून मिळाल्याचं असं दुसरं उदाहरण मला सुचत नाही. काळ्या सायकलचं चाळीसचं टायर पाहून आपण काय काय बोललो होतो, ते आठवून घ्यावं.

डिस्क ब्रेकची खरी कमाई मला इथेच दिसते. रोड बाइकच्या रिम ब्रेकच्या चिमट्यात जाड टायर मावत नाही, डिस्कमुळे ती अडचण सुटली. २०१६मध्ये पॅरिस-रूबेच्या शर्यतीत एका स्पर्धकाच्या पायाला जखम झाल्यावर शर्यतींतली डिस्कची चाचणी थांबवली गेली होती, २०१८मध्ये कायमची परवानगी मिळाली. त्याआधीपासूनच ‘एन्ड्युरन्स’ नावाच्या, लांब पल्ल्याच्या सायकली रुळू लागल्या होत्या. स्पेशलाइझ्डची रूबे २००४ची, ट्रेकची डोमाने २०१२ची. हँडल थोडं वर, थोडं जवळ. सीट उंच असली तरी कंबर कमी दुमडते, भार मनगटावरून माकडहाडाशेजारच्या दोन बसायच्या हाडांकडे सरकतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं ते तळहातातली नस दबून, आणि त्यावर मऊ ग्लोव्हपेक्षा हा बदल जास्त चालतो.

आपल्याकडे याची परीक्षा बीआरएमवाल्यांनी, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणाऱ्या सायकलस्वारांनी घेतली. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडून निघणाऱ्या या राइडना दोनशे किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, सहाशेसाठी चाळीस. नंबर लागत नाही, वेळेत पोचलं की झालं. मूळ फ्रान्सचं, १८९१च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसचं. आज तिथे बाराशे किलोमीटरसाठी जास्तीत जास्त नव्वद तास असतात. पहिल्या शंभर किलोमीटरला हवा कापणारी बैठक शोभते. पहाटे तीनला बंद टपरीच्या बाकड्यावर आडवं पडून पुन्हा सीटवर चढताना मात्र प्रत्येक जण हात हँडलच्या वरच्या सपाट भागावरच ठेवतो. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन हे भाऊ २०१५मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण करून आले, २०१७मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर. तिथे आराम ही चैन नसते.

क्रँकचीही हीच गत. उंच माणसाला लांब क्रँक, १७२.५ किंवा १७५ मिलिमीटरचा, हा जुना हिशेब. २०२४मध्ये टूर द फ्रान्सचा विजेता तादेय पोगाचार १६५वर आला आणि सगळे आपले क्रँक मोजायला लागले. लहान क्रँकवर गुडघा वर कमी येतो, कंबरेत कमी घडी पडते. ट्रायथलॉनवाले आणि कंबर आखडलेले म्हातारे हे आधीपासून वापरत होते.

एक गंमत सांगायची राहिली. नव्या महाग सायकलींत ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आतून, थेट हेडसेटमधून, म्हणजे हँडल ज्या बेअरिंगवर वळतं त्यातून नेतात. दिसतं देखणं, हवेत दोन-चार वॉट वाचतात. पण हँडल सेंटिमीटरभर वर घ्यायचं म्हटलं तर अनेक मॉडेलांत ब्रेकची नळी सोडून तेल पुन्हा भरावं लागतं. आणि नवीन घेतल्या घेतल्या ऐटीत हँडलखालच्या चकत्या (स्पेसर) काढून पुढच्या फोर्कची वर येणारी नळी कापून टाकली असेल, तर वर जायला जागाच उरत नाही. काळ्या सायकलचं हँडल उंच करायला एक नट ढिला करायचा, वर हातोडीचा एक ठोका द्यायचा, ओढून घ्यायचं आणि पुन्हा कसायचं. कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हवा भरता भरता करून देई.